शाळांमधील सांस्कृतिक देवाणघेवाण : शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी

राज्यांच्या जोड्या लावून त्यांच्यात सांस्कृतिक देवाणघेवाण घडवणाऱ्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या केंद्र सरकारच्या उपक्रमाची घोषणा ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी झाली आणि ज्या जोड्या ठरल्या, त्यांत महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आला, तर गोव्याच्या वाट्याला झारखंड. अनेक शाळांमध्ये हा उपक्रम एक भित्तिपत्रक, एक समूहनृत्य आणि वरिष्ठांना पाठवायची चार छायाचित्रे एवढ्यावर आटोपतो. यात शिक्षकांचा आळस असतो असे नाही. दुसऱ्या प्रांतातल्या शाळेशी वर्षभर बोलत राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यांना कोणी करून दाखवलेले नसते. केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, वीस-पंचवीस शिक्षकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेणाऱ्या केंद्रप्रमुखांसाठी आणि तज्ज्ञ मार्गदर्शकांसाठी पुढील मांडणी आहे. उदाहरण महाराष्ट्र-ओडिशा जोडीचेच घेतले आहे.

पहिला दिवस सादरीकरणाने सुरू करू नये. शिक्षकांना आल्याबरोबर कागद द्यावा आणि महाराष्ट्र कधीही न पाहिलेल्या माणसाला 'आमच्या शाळेची सकाळ' या विषयावर पंधरा ओळींचे पत्र लिहायला सांगावे. बहुतेक पत्रे 'आमचे गाव निसर्गरम्य आहे' अशा वाक्याने सुरू होतात, आणि अशा वाक्याला कोणी काही उत्तर देऊ शकत नाही. मग पत्रांची अदलाबदल करून, ओडिशातल्या वाचकाला जो शब्द अडेल त्याखाली शेजाऱ्याने रेघ मारावी. परिपाठ, एसटी, भाकरी, ओसरी, तासिका असे आठ-दहा शब्द प्रत्येक पत्रात निघतात. आता तेच पत्र पुन्हा लिहायचे. दुसऱ्या खर्ड्यात 'तिसऱ्या तासिकेला खिचडीच्या फोडणीचा वास वर्गात येतो आणि मग गणितात कोणाचे लक्ष राहत नाही. तुमच्याकडे दुपारी काय शिजते?' अशी वाक्ये येऊ लागली, की प्रशिक्षणाचा पाया पडला असे समजावे. तिकडून उत्तर येईल ते भात आणि डालमा यांचे. डालमा म्हणजे भाज्या घालून शिजवलेले वरण, हे मुलांना पुढच्या पत्रातून कळू द्यावे. शिक्षकाने आधीच सांगून त्यांची उत्सुकता संपवू नये.

भाषेसाठी दीड तास राखून ठेवावा. दोन्हीकडच्या मुलांना समजेल अशी हिंदी वापरायला हरकत नाही, परंतु शिक्षकाला ओडियाची थोडी तरी चव असावी. ओडिया लिपीत 'ळ'साठी स्वतंत्र अक्षर आहे आणि 'फळ' हा शब्द दोन्ही भाषांत 'ळ'नेच लिहिला जातो. 'राग' म्हणजे संताप, हा अर्थही दोन्हीकडे सारखा आहे. नणंद तिकडे 'नणंद'च राहते आणि भावजय 'भाउज' होते. प्रत्येक शिक्षकाने आपले नाव ओडिया लिपीत लिहून छातीवर लावावे. भाषिणी या सरकारी भाषांतर-सेवेसारख्या साधनाने पत्राचा अनुवाद करायचा असेल, तर ओडियात झालेला मजकूर त्याच साधनाने पुन्हा मराठीत आणून वाचण्याची सवय लावावी. अर्थ कुठे घसरला, हे त्या उलट्या वाचनात दिसते.

दुसऱ्या दिवशी प्रकल्प निवडायचा असतो. येथे माझे मत ठाम आहे : पहिला प्रकल्प सणांचा किंवा पोशाखांचा नसावा, कारण सण मांडला की तो दाखवण्याकडे कल जातो आणि विचारायचे राहून जाते. मोजण्याजोगे काहीतरी घ्यावे. नाशिक आणि पुरी ही दोन्ही शहरे २० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, पण त्यांच्या रेखांशांत सुमारे १२ अंशांचे अंतर आहे. जानेवारीतल्या एका निरभ्र दिवशी दोन्हीकडच्या मुलांनी एक मीटरची काठी अंगणात उभी रोवून तिची सर्वांत आखूड सावली आणि त्या क्षणाची वेळ नोंदवली, तर सावलीची लांबी जवळजवळ सारखी येते, पुरीची वेळ मात्र सुमारे ४८ मिनिटे आधीची असते. घड्याळ एकच आणि दुपार वेगळी, हे कोडे सोडवायला दोन्ही वर्गांना एकमेकांचे आकडे लागतातच. हा प्रयोग शिक्षकांकडून प्रशिक्षणस्थळीच, काठी रोवून, करून घ्यावा. काठी सरळ उभी आहे की नाही, हे ओळंब्याने तपासायला बहुतेक जण विसरतात.

सर्वांत अधिक वेळ अडचणीच्या विषयांना द्यावा. 'अटकेपार झेंडे' आणि 'अटक ते कटक' हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडी अभिमानाने येतात. १७५१ पासून १८०३ पर्यंत कटक नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि देवगावच्या तहाने ते कंपनीकडे गेले, एवढे आपण शिकवतो. परंतु मराठा फौजेतल्या ज्या घोडेस्वारांना आपण बारगीर म्हणतो, तेच पूर्व भारताच्या लोकस्मृतीत 'बर्गी' म्हणून, लुटारूंच्या स्वाऱ्यांची आठवण म्हणून राहिले आहेत. समजा, कटककडच्या एखाद्या मुलीने पत्रात विचारले की तुमचे लोक आमच्याकडे लूट करायला का आले होते, तर शिक्षक काय करील? दोन शिक्षकांना पुढे बोलावून हा प्रसंग प्रत्यक्ष वठवावा. कोणी पत्र बाजूला ठेवतो, कोणी लगेच बचावाचे उत्तर मुलांना लिहून देतो, तर कोणी सगळ्यांच्या वतीने माफी मागून मोकळा होतो. तिन्ही वाटांनी मुलांच्या हातून प्रश्न निसटतो. त्याऐवजी 'तुमच्या पुस्तकात याबद्दल काय लिहिले आहे, ते पाठवाल का? आमच्या पुस्तकातला उतारा सोबत जोडला आहे' असे उत्तर मुलांकडून लिहून घ्यावे आणि दोन्ही उतारे वर्गात शेजारी शेजारी लावावेत.

असाच एक प्रसंग जूनच्या मध्यावर येतो. ओडिशात 'रज' हा सण असतो. त्या तीन दिवसांत भूमी रजस्वला असते असे मानून नांगर धरत नाहीत, मुली झोके घेतात आणि घरोघरी पोड पिठा हा भाजलेला गोड पदार्थ होतो. हे वर्णन पत्रात आले तर ते वर्गात मोठ्याने वाचायचे की ती ओळ गाळायची, याची चर्चा शिक्षकांमध्ये आधीच, आणि शिक्षिकांना पहिल्यांदा बोलू देऊन, घडवावी. ओळ गाळू नये, असे मला वाटते.

वेळापत्रकाबाबत थोडक्यात. आपले वर्ष जूनमध्ये उघडते, तिकडचे एप्रिलमध्ये. म्हणून पहिले पत्र जुलैत जावे. ऑक्टोबरमध्ये तिकडे दुर्गापूजेची सुटी आणि चक्रीवादळांचा हंगाम एकत्र येतो, तेव्हा उत्तर लांबले म्हणून रुसू नये. तीन आठवडे उलटल्यावर शिक्षकाने तिकडच्या शिक्षकाला फोन करावा. मुलांची छायाचित्रे पाठवण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलांची पूर्ण नावे व घरचे पत्ते कोठेही देऊ नयेत.

सहा आठवड्यांनी केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्ध्या दिवसाची फेरबैठक घ्यावी. शिक्षकांनी अहवाल आणण्याऐवजी मुलांची पत्रे आणावीत आणि प्रत्येक पत्रातली प्रश्नचिन्हे मोजावीत. ज्या वर्गाच्या पत्रांत प्रश्न एक-दोनच सापडतील, त्या शिक्षकाने पहिल्या दिवशीचा पत्राचा सराव, रेघा मारण्यासकट, आपल्या वर्गात करून घ्यावा आणि मगच पुढचे पाकीट पाठवावे.