बापाला विचारायचं राहून गेलं होतं

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी मी प्रबंधाला ‘मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातल्या मुख्य नसेला) इजा झालेले पालक’ हा विषय घेतला. यंदा नागपुरात कोणी पालकत्व आणि लकव्यावर सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहीत असेल, तर माझे तीन महिने कुठे गेले ते आधी वाचा.

मानेवाड्याकडच्या पहिल्याच घरी वहिनी बोलायला बसल्या. बांधकामावरून पडून कमरेखालची हालचाल गेलेला त्यांचा नवरा बाजूच्याच पलंगावर होता. शाळेत कोण सोडतं, आंघोळ कोण घालतं, दवाखान्यात कोण नेतं, असं मी विचारत गेले. उत्तरं वहिनींची. दादांनी मान हलवली की मी ‘होकार’ लिहायची. अशी अकरा घरं झाली. गाईडनी वह्या चाळून एवढंच विचारलं, ‘यात बापाचं वाक्य कुठे आहे?’ एकही नव्हतं.

तुम्हीही इथेच फसाल, म्हणून सविस्तर सांगते. घरात गेल्यावर जो उठून पाणी देतो, त्याच्याशीच आपण बोलू लागतो. वर आपली प्रश्नावली उचलणं, नेणं, आणणं एवढंच मोजते. हातापायांचीच कामं विचारली की हा माणूस पालक म्हणून शून्य निघणारच. तो शून्य माझ्या प्रश्नांतून आला होता. संमतीपत्रावर सहीसुद्धा मी बायकोची घेतली होती. माणूस सज्ञान आहे, बोलतो आहे, मग संमती त्याचीच हवी. अंगठा उमटवता येत नसेल तर साक्षीदारासमोर तोंडी घ्या.

मी परत गेले. दादा म्हणाले, ‘पोरीचे पाढे रोज रात्री मीच घेतो ना ताई. मले कोणी इचारलंच नाही.’

जुन्या बाइंड केलेल्या प्रबंधांतून प्रश्नावली उचलू नका. माझं मत कडक आहे: ती चोरी तर आहेच, शिवाय तुमच्या कामाचीही नाही. ‘पालक’ आणि ‘अपंगत्व’ शोधलं की बहुतेक सगळं अपंग मुलांच्या आईवडिलांबद्दल सापडतं. कायद्यातही हा फरक दिसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९ मुलाच्या अपंगत्वावरून त्याला आईवडिलांपासून तोडू नये म्हणतं. भारतानं २००७ मध्ये मंजूर केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं कलम २३ मात्र पालकाचं अपंगत्वही धरतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हा मुद्दा मला फार उपयोगी पडला.

मला खरं शिकवलं ते एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी. मे महिन्यात मुलाखती ठेवू नका, हे त्यांनीच बजावलं. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर त्याखाली पुरेसा घाम सुटत नाही, आणि आपला पारा पंचेचाळीसवर. कॅथेटरची, म्हणजे नळीनं लघवी काढायची वेळ चार ते सहा तासांनी येते, ती आधी विचारून घ्या. बोलता बोलता डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला तर मुलाखत तिथेच थांबवा आणि घरच्यांना हाक मारा. लघवी तुंबल्यानं रक्तदाब एकदम चढलेला असू शकतो, आणि ते जिवावर बेततं.

घाबरू नका. अकरापैकी नऊ घरांनी मला पुन्हा आत घेतलं. एका वहिनींनी विचारलं, ‘आता त्यांनाच विचारता, तर मी सांगितलं ते खोटं होतं का?’ खोटं नव्हतं. त्यांचं बोलणं मी वेगळ्या प्रकरणात ठेवलं, त्यांच्याच सहीनं.