खंभातचं आखात हरवू नये म्हणून: हवामानाच्या डेटाची जाळी बदलताना

"अगं आत्या, दोन्ही फाइली पाव डिग्रीच्याच आहेत, मग सरळ वजाबाकी करून टाकू ना?" भाच्याचा हा प्रश्न बडोद्यात माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं विचारतात. उत्तर एकच: नाही, सरळ वजाबाकी करता येत नाही.

असा डेटा पृथ्वीवर मांडलेल्या बिंदूंच्या जाळीवर (ग्रिडवर) दिलेला असतो. नोआ या अमेरिकी संस्थेच्या ओआयएसएसटी या समुद्रपृष्ठ तापमानाच्या डेटात रेखांश ०.१२५, ०.३७५ असे जातात. ईआरए५ या युरोपीय हवामान डेटात ते ०, ०.२५, ०.५ असे. म्हणजे एक जाळी दुसरीपासून अर्धी चौकट सरकलेली. अक्षांशाच्या ओळीही एकीकडे ७२० आणि दुसरीकडे ७२१. पायथनमधल्या एक्सॲरे या लायब्ररीला वजाबाकी सांगितलीत तर ते दोन्हीकडचे जुळणारे बिंदू शोधतं, एकही सापडत नाही, आणि कुरकुर न करता रिकामं उत्तर हातात देतं. म्हणून आधी एक डेटा दुसऱ्याच्या जाळीवर आणावा लागतो. त्यासाठी मी दोन साधनं वापरते: टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन चालणारं सीडीओ आणि पायथनमधली एक्सईएसएमएफ ही लायब्ररी.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरा. विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) घेऊन त्यात उबुंटू हे लिनक्स टाका. मग सीडीओ, म्हणजे हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक हवामान संस्थेचं साधन, 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीडीओ' एवढ्यावर येतं. एक्सईएसएमएफ मात्र पिपने, म्हणजे पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरने, टाकू नका. त्याच्या पोटात ईएसएमपाय नावाचं पॅकेज लागतं आणि ते पिपला मिळत नाही, त्यामुळे टाकताना सगळं सुरळीत दिसतं आणि इम्पोर्ट करताना अडतं. मिनीफोर्ज हे दुसरं इन्स्टॉलर घ्या, त्यातल्या 'बेस' या मूळ एन्व्हायर्नमेंटला (पॅकेजांच्या कप्प्याला) हात न लावता वेगळं एन्व्हायर्नमेंट करा आणि कॉन्डा-फोर्ज या पॅकेजांच्या चॅनलवरून एक्सईएसएमएफ आणि डेटाच्या फाइली वाचणारं नेटसीडीएफ४ एकदमच मागवा. ज्युपिटरमध्ये, म्हणजे पायथन लिहायच्या वहीत, 'ईएसएमएफ-एमके-फाइल' नावाची कीएरर आली तर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. बहुतेक वेळा एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट न करताच ज्युपिटर उघडलेलं असतं. टर्मिनलमध्ये ॲक्टिव्हेट करून तिथूनच ते सुरू करा.

आता जाळी. जिच्यावर जायचं आहे त्या फाइलवर जाळीचं वर्णन देणारी 'सीडीओ ग्रिडडेस' ही आज्ञा चालवा आणि उत्तर एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. आपल्या हवामान खात्याच्या पावसाची पाव अंशाची जाळी असेल तर त्यात १३५ गुणिले १२९ बिंदू दिसले पाहिजेत: रेखांश ६६.५ ते १००, अक्षांश ६.५ ते ३८.५. हा आकडा जुळल्याशिवाय मी मुलांना पुढे जाऊ देत नाही. त्या डेटात पावसाच्या जागी -९९९ असेल तर तिथे मोजमाप नाही. फाइलमध्ये तसं नोंदलेलं नसेल तर 'सेटसीटूमिस,-९९९' लावा, नाहीतर कच्छच्या सीमेवर उणे पाऊस पडताना दिसेल.

खरा निर्णय पद्धतीचा, आणि तो साधनाकडे बघून नाही, राशीकडे बघून घ्यायचा. तापमान किंवा हवेचा दाब असेल तर 'रिमॅपबिल', म्हणजे बायलिनियर: भोवतालच्या चार बिंदूंची अंतराप्रमाणे सरासरी. पाऊस, बाष्पीभवन, उष्णतेचा प्रवाह, म्हणजे ज्याची बेरीज टिकली पाहिजे असं काहीही असेल तर 'रिमॅपकॉन', म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह. धान्य पायलीतून शेरात ओतताना दाणा सांडू नये, तसा हा हिशोब: जुन्या चौकटीचा जेवढा भाग नव्या चौकटीत येतो, तेवढाच वाटा तिथे जातो.

फरक किती पडतो ते बघा. ईआरए५चा पाऊस सीडीओच्या 'आर३६०एक्स१८०' या एक अंशाच्या जाळीवर न्यायचा आहे. त्या जाळीचे बिंदू रेखांश ०, १, २ आणि अक्षांश -८९.५, -८८.५ असे असतात. ईआरए५चे बिंदू तिथेच नेमके असतात. म्हणजे बायलिनियर लावलंत तर सरासरी होतच नाही, सोळांतला एक बिंदू उचलला जातो आणि पंधरा सोडून दिले जातात. बडोद्याला जवळचा बिंदू २२.२५ उत्तर, ७३.२५ पूर्व. तो त्या पंधरांतला. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, त्या दिवसांचा पाऊस असा आणलात तर आपल्या बिंदूचा आकडा उत्तरात कुठेच नसेल, आणि नकाशा तरी छान गुळगुळीत दिसेल. रिमॅपकॉन लावून झाल्यावर संपूर्ण पृथ्वीच्या आधीच्या आणि नंतरच्या फाइलवर 'एफएलडीमीन' चालवा. ते क्षेत्रफळाचं वजन धरून सरासरी काढतं, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. (ईआरए५चा पाऊस मीटरमध्ये असतो, मिलिमीटरसाठी हजाराने गुणा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. जाळी जुळली तरी हे वेगळं जुळवावं लागतं.)

रोजच्या अनेक फाइली असतील तर दर वेळी वजनं, म्हणजे कुठल्या जुन्या चौकटीचा किती वाटा कुठे जातो ते, काढू नका. 'जेनकॉन'ने एकदा वजनांची फाइल करा आणि पुढे 'रिमॅप'ला ती द्या. जाळी किंवा जमिनीचा मास्क (जमीन कुठे, पाणी कुठे याची नोंद) बदलला की ती फाइल टाकून द्यायची.

किनारा हे सगळ्यात त्रासाचं ठिकाण. समुद्राच्या डेटात जमिनीवरचे बिंदू रिकामे असतात. बायलिनियरला चार कोपरे लागतात, आणि एक्सईएसएमएफमध्ये त्यातला एकही रिकामा असला तर उत्तर रिकामं येतं. समुद्र किनाऱ्यापासून एकेक चौकट मागे हटतो. अरबी समुद्राच्या मधोमध कोणाला कळतही नाही, पण खंभातचं आखात तोंडाशी रुंद आणि वर निमुळतं, पाव अंश म्हणजे इथे साधारण २६ ते २८ किलोमीटर, तेव्हा आखाताचा वरचा भाग पहिल्याच फेरीत जमीन होतो. उपाय असा: रीग्रिडर, म्हणजे एक्सईएसएमएफचं जाळी बदलणारं यंत्र, लावताना 'स्किपएनए' ट्रू (इथे टी मोठा) करा आणि 'एनए अंडरस्कोर थ्रेस' ०.५ ठेवा, म्हणजे निम्म्याहून जास्त वजन रिकाम्या बिंदूंवर असेल तरच उत्तर रिकामं राहील. जवळच्या आकड्यांनी भरून टाकणारं सीडीओचं 'सेटमिसटूडिस' मी खंभातसाठी वापरू देत नाही. भरती-ओहोटी एवढी प्रचंड असलेल्या पाण्याला खुल्या समुद्राचं तापमान चिकटवून काय मिळणार?

सागरी मॉडेलचा मूळ जाळीवरचा डेटा असेल, सीएमआयपी६ या हवामान मॉडेलांच्या जागतिक प्रकल्पात ज्याच्या नावात 'जीएन' येतं, तर अक्षांश-रेखांश दोन मितींचे असू शकतात. कारण उत्तर ध्रुवाची अडचण टाळायला काही मॉडेलं दोन ध्रुव जमिनीवर नेऊन ठेवतात. तिथे एक्सईएसएमएफ सोयीचं. कॉन्झर्व्हेटिव्ह हवं असेल तर चौकटींचे कोपरेही द्यावे लागतात, 'लॅट अंडरस्कोर बी' आणि 'लॉन अंडरस्कोर बी', दर दिशेला चौकटींपेक्षा एक जास्त. आणि प्रवाहाचे यू, व्ही घटक त्या मॉडेलच्या जाळीच्या दिशेने असतील तर जाळी बदलण्याआधी ते पूर्व आणि उत्तरेकडे वळवून घ्या. नंतर वळवायला कोन उरत नाहीत.