ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बाईला आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं

सगळ्यात आधी "पॉझिटिव्ह राहा, काही होत नाही" म्हणणं बंद करा. हेतू चांगला असतो मान्य, पण ऐकणारीला वाटतं आता रडायची पण चोरी, आणि उद्या रिपोर्ट खराब आला तर मीच मनाने कमी पडले का हा ताप वेगळाच. रडल्याने कॅन्सर वाढतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाहीये, त्यामुळे तिला घाबरू द्या, चिडू द्या. विचारा, "नुसतं ऐकू का काही करू?" आणि ऐक म्हणाली तर खरंच गप्प बसा (फार कमी लोकांना जमतं).

"काही लागलं तर सांग" हेही बिनकामाचं, कोणी सांगत नाही. थेट काम उचला, "गुरुवारी केमोला मी येतेय, पोरांचं जेवण मी बघते" असं. डॉक्टरकडे जाताना प्रश्न लिहून न्या आणि उत्तरं तुम्ही लिहून घ्या, कारण टेन्शनमध्ये निम्मं ऐकूच येत नाही, त्यात केमोने विसरायला होतं, त्यावरून टोकू नका.

केस साधारण पहिल्या केमोनंतर २-३ आठवड्यांत जायला लागतात, सगळ्याच औषधांनी जात नाहीत म्हणून आधी विचारून ठेवा. विग, स्कार्फ की तसंच राहायचं ते तिचं ती ठरवेल. "येतील की परत" हे तिलाही माहितीये हो, पण आज गेलेत त्याचं काय?

ऑपरेशननंतर कित्येक जणी आरसा टाळतात. नवऱ्यांनो, तुम्ही तिला दुखेल म्हणून लांब झोपता आणि ती समजते आपण नकोशा झालो, दोघंही गप्प. विचारा ना सरळ, जवळ घेऊ का, कुठे दुखतंय.

आणि ट्रीटमेंट संपली की सगळे सुटले म्हणून फोन करायचे थांबतात, नेमक्या तेव्हाच बऱ्याच जणी खचतात. तोवर पुढची तारीख तरी असायची, आता साधी पाठ दुखली तरी परत आला का वाटतं, फॉलोअपच्या आधी झोप नाही, शिवाय हार्मोनच्या गोळ्या असतील तर त्या ५ ते १० वर्षं चालतात आणि त्याने अंगातून गरम वाफा, चिडचिड. तेव्हा फोन चालू ठेवा.

दोन आठवडे सतत उदास, कशातच मन नाही असं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगून समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा, जगायचंच नाही असं बोलली तर त्याच दिवशी, आणि तिला एकटं सोडू नका. टॅमॉक्सिफेन (हार्मोनच्या गोळ्यांपैकीच एक) चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना आठवणीने सांगा, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिनसारख्या नैराश्याच्या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो, दुसऱ्या गोळ्या असतात. यातली नैराश्याची गोळी आधीपासून चालू असेल तर ती मनाने बंद मात्र करू नका.

यातून गेलेल्या बाईशी बोलून जे हलकं वाटतं ते आपण कितीही जीव टाकला तरी देऊ शकत नाही, सपोर्ट ग्रुपची चौकशी करून ठेवा. नको म्हणाली तर विषय सोडा, महिन्याभराने परत विचारा.