लोणच्याच्या बरणीला इंडक्शन सील कुठलं घ्यायचं? आधी बरणी उलटी करून बघा

महिन्यातून दोन-तीन जणी तरी विचारतातच, ताई तुमच्या बरणीचं झाकण उघडल्यावर ते चंदेरी सील असतं ना, त्याची लिंक द्या. लिंक देऊन काही उपयोग नाही गं, माझ्या बरणीला चिकटणारं सील तुमच्या बरणीला चिकटेलच असं नाही, आणि हे मी पैसे घालवून शिकलेय. पहिल्याच वर्षी कैरीच्या लोणच्याच्या ६० बरण्या चिपळूणहून कराडला पाठवल्या, सीलवाल्याने "सगळ्याला चालतं मॅडम" म्हणून माल दिलेला, सील तापवून चिकटवायचं मशीन फिरवल्यावर फॉइल मस्त चिकटलेलं दिसत होतं, आणि तिकडून फोटो आला तर खोक्याचा तळ तेलाने पारदर्शक झालेला. बरणी होती पेटची आणि सील होतं एचडीपीईचं, म्हणजे दोन वेगळ्या जातींचं प्लास्टिक. संपला विषय.

तर पहिलं काम, बरणी उलटी करा. तळाला त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी. सीलच्या खालच्या बाजूला, म्हणजे जी बरणीच्या कडेला टेकते तिथे, प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा असतो, तो वितळून कडेला चिकटतो, म्हणून तो पापुद्रा बरणीच्या जातीचाच लागतो. दुकानात याला सील कोणी म्हणत नाही, वॅड म्हणतात, तेव्हा "पेटचा वॅड द्या" असं नेमकं मागायचं. युनिव्हर्सल नावानेही मिळतात, कोरड्या मसाल्याला वगैरे चालून जातात, पण तेलकट मालाला मी त्यांच्या भरवशावर राहणार नाही.

काचेची बरणी असेल तर मामला वेगळा. काचेला चिकटणारा वॅड वेगळा येतो आणि कड जराशी ओली राहिली तरी सुटतो. त्यात काचेच्या बरण्यांना बहुतेक पत्र्याचं झाकण असतं, आणि पत्र्याच्या झाकणाखाली इंडक्शन होतच नाही, झाकणच तापतं. काचेला सरळ श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून झाकणावर घट्ट बसणारं प्लास्टिकचं वेष्टन) लावा, डोक्याला ताप नाही.

हे चालतं कसं ते एकदा समजून घेतलं की पुढचं निवडणं सोपं जातं. मशीनच्या तोंडात कॉइल असते, तिच्यामुळे वॅडमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये करंट फिरतो, फॉइल तापतं, पापुद्रा वितळतो. तत्त्व घरातल्या इंडक्शन शेगडीचंच. मग शेगडीवर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं का तापत नाही, असं माझ्या मुलाने विचारलेलं! पातेलं जाड असतं, त्यातून करंट फारशा अडथळ्याशिवाय निघून जातो, फॉइल इतकं पातळ की तिथे अडथळा वाढतो आणि गरम होतं. आणि हो, मशीन हातात घेताना अंगठी आणि धातूच्या बांगड्या काढून ठेवा, त्याही तापतात. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्या माणसाला मशीनजवळ येऊ देऊ नका.

आता वन पीस की टू पीस. टू पीसमध्ये फॉइल आणि वरचा पुठ्ठा मेणाने चिकटवलेले असतात, तापल्यावर मेण वितळून पुठ्ठ्यात मुरतं, फॉइल बरणीला राहतं आणि पुठ्ठा झाकणात. गिऱ्हाईकाने फॉइल काढून टाकलं तरी झाकणात पुठ्ठा असतो, त्यामुळे परत घट्ट लागतं. वन पीसमध्ये सगळं एकत्रच निघतं, झाकणात मागे काही उरत नाही. चार दिवसांत संपणाऱ्या मालाला वन पीस ठीक, पण लोणचं महिनोन्महिने उघडझाक होणारं, त्याला मी टू पीसच घेते. मध आणि काकवीलाही तेच.

माल काय आहे हे बघणंही तितकंच महत्त्वाचं, खासकरून आपल्यासारख्या लोणचंवाल्यांना. लिंबू, व्हिनेगर, मीठ हे अ‍ॅल्युमिनियमला खातात. फॉइल आणि मालाच्या मधला पापुद्रा कच्चा असेल तर दोन-तीन महिन्यांनी फॉइलला आतून काळे ठिपके पडतात, मग सुईच्या टोकाएवढी भोकं. म्हणून सांगताना "पेटची बरणी, आत लिंबाचं लोणचं" असं दोन्ही सांगा, नुसतं माप सांगू नका. वॅड फूड ग्रेडचा असल्याचं प्रमाणपत्रही मागून घ्या, एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) पॅकेजिंगचे २०१८ चे नियम आहेत आणि अन्नाला स्पर्श होणारं पॅकिंगचं साहित्य त्यात येतं.

माप झाकणाच्या आतून घ्यायचं, बरणीच्या तोंडाचं नाही. वॅड झाकणात टाकला की आट्यांच्या मागे अडकून बसला पाहिजे, झाकण उलटं केल्यावर पडायला नको. फार मोठा असेल तर कडेला दुमडतो आणि तिथूनच गळतं.

एवढं सगळं करूनही गळलं तर वॅडवाल्याला फोन करायच्या आधी बरणीच्या कडेवरून बोट फिरवा. साच्याची रेघ लागते का, खरचटलंय का, मसाल्याचा कण राहिलाय का, तेल लागलंय का. आमच्याकडे निम्म्याहून जास्त वेळा दोष कडेचा किंवा झाकण सैल लावल्याचाच निघालाय. फॉइल कडेवर दाबून बसलं तरच चिकटतं, आणि तो दाब झाकणाचा असतो, मशीनचा नाही. भरताना नरसाळं वापरा, मग कोरड्या सुती फडक्याने कड पुसा, मग झाकण. गरम गरम भरून लगेच सील करू नका, थंड झाल्यावर आतली हवा आकसते आणि पेटची बरणी पोटात ओढली जाते, दिसायला पण घाण.

मशीनची वेळ कमीपासून सुरू करून थोडी थोडी वाढवत न्यायची. पुठ्ठ्याला जळका वास आला किंवा फॉइल सुरकुतलं तर जास्त झालं. फॉइलबरोबर पुठ्ठाही फाटून आला तर मेण नीट वितळलेलं नाही, म्हणजे कमी झालं. लगेच ओढून बघू नका, पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या. सोलल्यावर कडेवर सगळीकडे सारखा गोल ठसा दिसला पाहिजे, कुठे तुटक असेल तर तिथे दाब कमी पडलाय. मग एक बरणी दाबून बघा, दुसरी पाण्यात बुडवून दाबा, बुडबुडे येतात का, आणि चार-पाच बरण्या पेपरवर उलट्या करून रात्रभर ठेवा.

पहिल्यांदा १०० वॅडचंच सॅम्पल घ्या, ५००० चं पाकीट स्वस्त पडतं म्हणून उचलू नका. पावसाळ्यात कोकणात पुठ्ठा दमट होऊन फुगतो, म्हणून पाकीट उघडल्यावर उरलेले वॅड झिपच्या पिशवीत घालून स्टीलच्या डब्यात ठेवायचे.

मी अजूनही नवीन वॅड आला की दहा बरण्या कराडला नणंदेकडे कुरिअरने पाठवते. कुंभार्ली घाट चढताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, फॉइलला आतून ताण बसतो, शिवाय गाडीतले हादरे वेगळेच. तिला सांगून ठेवलंय, खोकं उघडायच्या आधी तळाचा फोटो काढ.