स्पर्धेच्या लायसन्सची मेडिकल: फॉर्मवरच्या एका ‘नाही’ची गोष्ट

मी सायकलवर रोड रेसिंग करतो. यंदा अकरावा हंगाम, म्हणजे लायसन्ससाठीची अकरावी मेडिकल. हंगाम तोंडावर आला की नवी पोरं-पोरी विचारायला येतात आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो: ‘दादा, नापास करतात का हो?’ करतात, पण क्वचित. त्यापेक्षा ‘थांबा, अजून एक तपासणी करू’ हे जास्त ऐकायला मिळतं, आणि तेवढ्यानेच पोटात गोळा येतो. पहिल्या वर्षी तो माझ्याही पोटात आला होता.

तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. चार पानी फॉर्म घरून भरून न्यायचा होता. आदल्या रात्री बॅग भरता भरता तो गुडघ्यावर ठेवून मी उरकला. धाप लागते? नाही. छातीत दुखतं? नाही. व्यायाम करताना कधी बेशुद्ध पडलात? नाही. घरात पन्नाशीच्या आत कुणाचा अचानक मृत्यू? नाही. ‘नाही’च्या चौकटींत टिकांची सरळ रांग. फॉर्म कोण वाचतंय, खरं काय ते मशीन सांगेल, असा माझा समज होता.

आधी माझे बावळटपणे सांगतो, कारण ते तुम्हाला टाळता येतील.

तपासणीला मी सायकल मारत गेलो. वर दोन जिने धावत चढलो आणि पोचल्या पोचल्या बीपी मोजायला बसलो. वरचा आकडा १५२. सिस्टरने काही न बोलता पट्टा सोडला, पाठ टेकून आणि दोन्ही पाय जमिनीला लावून दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलं, मग पुन्हा मोजलं. १२६. बीपीआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, लघवी करून या आणि मोजताना बोलू नका. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. वेटलिफ्टिंग आणि रोइंगवाल्यांना हे खास सांगतो. छोटा पट्टा जाड दंडावर करकचून बसला की आकडा उगाच वर जातो.

दुसरा बावळटपणा आदल्या संध्याकाळचा. ‘शेवटचं एकदा फिटनेस बघू’ म्हणून मी तीन तास चढ मारले होते. लघवीत प्रोटीन निघालं. जबर व्यायामानंतर ते काही काळ निघतंच, दोन दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा साफ होतं, पण एक फेरी वाढली. रक्ताचंही तसंच. माझ्या एका मित्राने तपासणीच्या दोन दिवस आधी जड स्क्वॉट मारले आणि रिपोर्टमध्ये एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले आले. घरात रडारड, लिव्हर गेलं म्हणून. ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात. डॉक्टरांनी सीके, म्हणजे स्नायूंना मार बसला की रक्तात वाढणारं एन्झाइम तपासलं, ते आभाळाला भिडलेलं होतं, आणि कोडं सुटलं. तपासणीआधीचे दोन-तीन दिवस हलके ठेवा, एवढंच.

आता ईसीजी. दहा ठिकाणी वायरी लागतात, सहा छातीवर आणि चार हातापायांवर. त्यांतून बारा बाजूंनी हृदयाची वीज कागदावर उतरते. दुखत नाही. अंगाला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका, चकत्या चिकटत नाहीत. माझे ठोके मिनिटाला ४४ होते आणि मशीनने कागदाच्या डोक्यावर आपणहून ‘असामान्य’ असं छापलं. तो शब्द वाचून मी गार. पण तो शब्द मशीनचा असतो, डॉक्टरांचा नव्हे. सहनशक्तीचे खेळ खेळणाऱ्यांचं हृदय थोडं मोठं होतं, सावकाश चालतं, आणि त्याच्या कागदावर अशा काही खुणा उमटतात ज्या सोफ्यावर बसणाऱ्या माणसात शंकास्पद ठरल्या असत्या. खेळाडूंचा ईसीजी कसा वाचायचा याचे वेगळे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले. म्हणून शक्य असेल तर खेळाडू तपासायची सवय असलेल्या डॉक्टरांकडे जा. उगाच घाबरवणं आणि खरं दुखणं नजरेतून सुटणं, दोन्ही कमी होतं.

ईसीजी बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘छान आहे, खेळाडूचा आहे.’ मी उठायच्या बेतात होतो, तर त्यांनी माझा फॉर्म पुढे ओढला.

‘घरात कमी वयात कुणी गेलंय?’

‘नाही, मॅडम. हार्टचं कुणालाच काही नाही.’

‘हार्टचं विचारलंच नाही मी. कशानेही. कुणी गेलंय?’

एक मामा गेला होता, माझ्या जन्माआधी. नदीत बुडून. तसं मी सांगितलं.

‘पोहता येत नव्हतं त्याला?’

‘पट्टीचा पोहणारा होता.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. तिथूनच आईला फोन लावायला सांगितला. ‘ताई, भाऊ किती वर्षांचा होता? त्याआधी कधी भोवळ येऊन पडला होता का? त्याला फिट येतात असं कुणी म्हणायचं का?’ आई पलीकडून काय सांगत होती ते मला ऐकू येत नव्हतं. मॅडम लिहीत होत्या. मामा २६ वर्षांचा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांना शंका लाँग क्यूटीची होती. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार व्हावं लागतं. काही घराण्यांत जन्मतःच ही तयारी लांबते आणि नको त्या क्षणी ठोक्यांची घडी विस्कटू शकते. त्याच्या एका प्रकारात तो क्षण नेमका व्यायामात येतो, आणि त्यातही पोहताना. हृदय चिरून पाहिलं तरी काही दिसत नाही, त्यामुळे घरच्यांच्या लेखी माणूस ‘बुडाला’. काही जणांचा आडवं पडून काढलेला ईसीजी अगदी साधा येतो, म्हणून माझ्या ‘छान’ कागदावर त्या थांबल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात ट्रेडमिलवर धावलो. पट्टा थांबला तरी वायरी काढल्या नाहीत. दमून खुर्चीत बसलो असताना दर मिनिटाला कागद निघत होता. चौथ्या मिनिटाचा कागद घेऊन मॅडम खिडकीशी गेल्या आणि ती तयारी किती लांबतेय हे बघायला पट्टी ठेवून बारीक चौकटी मोजू लागल्या. एक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. त्यांनी तीनदा मोजलं. मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. आई आणि मावशी यांचेही ईसीजी झाले.

कुणातच काही निघालं नाही. लायसन्स तीन आठवडे उशिरा मिळालं, पहिल्या दोन रेस हुकल्या. तेव्हा मॅडमचा भयंकर राग आला होता.

मग मी या विषयावर वाचत गेलो. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला तपासणी आणि ईसीजी सक्तीचा आहे. तिथल्या व्हेनेटो भागात १९७९ ते २००४ या काळाचा अभ्यास झाला. त्यात तरुण खेळाडूंचे अचानक हृदयमृत्यू वर्षाला लाखामागे ३.६ वरून ०.४ वर आलेले दिसले. उलट इस्रायलमध्ये सक्तीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले, तर फरक दिसला नाही. अमेरिकेत हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची १४ मुद्द्यांची यादी आहे, प्रश्न आणि अंगतपासणीची. सगळ्यांचा सरसकट ईसीजी त्यांना मान्य नाही. या वादात पडायची माझी पात्रता नाही. पण हृदयाला रक्त पुरवणारी धमनी जन्मतः चुकीच्या जागेवरून निघालेली असेल, तर साधा ईसीजी बहुधा गप्पच राहतो. तिथे बोलतो तो तुमचा फॉर्म, म्हणजे ‘जोर लावताना छातीत दाबल्यासारखं होतं’ हे तुमचं एक वाक्य.

म्हणून फॉर्म तुकड्यातुकड्याने आणि घरच्यांसोबत बसून भरा. आत्या, मामा, काका, चुलत-मावस भावंडं, सगळी उजळणी करा. बुडालेले, एकट्याच्या गाडीला विनाकारण अपघात होऊन गेलेले, झोपेत गेलेले, सगळे लिहा. बेशुद्ध पडला असाल तर नेमकं कधी ते सांगा. रेस संपवून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बहुतेक वेळा पायांत साठलेल्या रक्ताचा खेळ असतो. धावता धावता, जोर लावलेला असताना कोसळलात तर ती गोष्ट पूर्णपणे वेगळी, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोठी. नुकताच ताप येऊन गेला असेल तर तेही लिहा. विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतो आणि तसं निघालं तर तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवायला सांगतात. पालक शेजारी बसल्यामुळे काही बोलता येत नसेल तर ‘मला पाच मिनिटं एकट्याला बोलायचंय’ असं सरळ म्हणा. मुलींना पाळीबद्दल विचारतात. ती चौकशी आगाऊपणाची नसते. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, आणि ते आधी तिथेच कळतं.

खेळानुसार तपासण्या वाढतात. मुष्टियुद्धात डोळ्याचा पडदा बघतात, शिवाय एचआयव्ही आणि काविळीच्या रक्तचाचण्या. मोटर रेसिंगला रंग ओळखता येतात का ते. डायव्हिंगला कान.

औषधांबद्दल मात्र नीट ऐका, इथे हुशार लोकही फसतात. डॉक्टरांनी ‘फिट’ लिहिलं म्हणजे उत्तेजक चाचणीतून सुटका झाली असं नाही. त्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. दमा असेल तर सालब्युटामॉलचा पंप परवानगीशिवाय चालतो, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० ही मर्यादा. त्याच्यासारखंच दिसणारं टर्ब्युटालिन पंपातून घेतलं तरी बंदी आहे. इन्सुलिनसाठी वैद्यकीय सवलतीचा अर्ज करावा लागतो. दुखऱ्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं असेल तर रेसच्या तारखा डॉक्टरांपुढे ठेवा. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात तेही बंदीच्या यादीत आहे. चालू औषधांची पाकिटंच सोबत न्या. नावं आठवत नाहीत आणि ‘ती पांढरी गोळी’ याने कुणाचंच भलं होत नाही.

तपासणीत सगळं सापडतं, असंही मी सांगणार नाही. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन वर्षानुवर्षं अव्वल क्लबांच्या तपासण्यांतून गेलेला, तरी १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात त्याचं हृदय थांबलं. वाचला तो मैदानावर लगेच मिळालेल्या सीपीआर आणि शॉकमुळे. नंतर त्याच्या छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे गरज पडली की आपोआप शॉक देणारं छोटं उपकरण बसवलं आणि त्या उपकरणासह इटलीत खेळायला परवानगी नसल्याने तो इंटर मिलान सोडून इंग्लंडमध्ये खेळायला गेला. त्यामुळे तुमच्या क्लबमध्ये शॉक द्यायचं मशीन कुठे ठेवलंय ते बघून घ्या. कुलूपबंद कपाटात असेल तर भांडा.

जुना ईसीजी फाइलमध्ये जपून ठेवा आणि दरवर्षी सोबत न्या. ‘हे गेल्या वर्षीही असंच होतं’ याला डॉक्टरांच्या लेखी किंमत असते. ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो, वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो, तेव्हा आजच फोटो काढा. माझा पहिला कागद आता जवळपास कोरा दिसतो. चौथ्या मिनिटाचा मात्र मी झेरॉक्स करून ठेवला होता.

यंदा नवे डॉक्टर होते, माझ्याहून लहान असतील. फॉर्म मी दोन दिवस आधीच भरला होता. घरातल्या मृत्यूंच्या प्रश्नापुढे ‘होय’ची चौकट, आणि बाजूच्या समासात दरवर्षीसारखंच: मामा, वय २६, नदीत बुडून. डॉक्टरांनी तिथे बोट ठेवलं आणि वर बघून विचारलं, ‘पोहता येत होतं त्यांना?’