थँक्सगिव्हिंगच्या क्रॅनबेरी सॉसची तयारी: वाइन आधी आटवा

मागच्या नोव्हेंबरात एक पायरी गाळली आणि टर्कीशेजारी सॉसऐवजी लाल सार जाऊन बसलं. म्हणून तीच सगळ्यात आधी: रेड वाइन एकटी आटवायची, क्रॅनबेरी नंतर. बाकी यादीत थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं, यात नाही.

थँक्सगिव्हिंग, हा अमेरिकेतला सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. सॉस मंगळवारी करा, फार तर बुधवारी. फ्रिजमध्ये चारेक तास गार झाल्याशिवाय तो नीट धरत नाही, आणि गुरुवारी शेगडी, फ्रिज, तुम्ही, कोणीच मोकळं नसतं. वाइन त्याच्याही आधी आणा. न्यू यॉर्कच्या सुपरमार्केटात ती मिळत नाही, दारूच्या दुकानातच जावं लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये थँक्सगिव्हिंगला ही दुकानं बंद. बाटलीला बूच असेल तर ओपनर घरात आहे का, तेही बघून ठेवा.

कुठली वाइन? कोरडी, पण कमी तुरट: पिनो न्वार किंवा मर्लो. क्रॅनबेरी करवंदासारखी मुळातच आंबट-तुरट, त्यात ओकच्या पिंपात मुरलेली कॅबर्ने घातली तर आटल्यावर जीभ आखडते. ‘कुकिंग वाइन’ नावाची बाटली घेऊ नका, तिच्यात मीठ असतं. क्रॅनबेरीच्या एका पिशवीला जवळजवळ अर्धी बाटली लागते, 360 मिली. ती आटून 180 व्हायची आहे, हे मोजताना लक्षात ठेवा.

पिशवी 12 औंसांची, म्हणजे 340 ग्रॅम. आठ जणांना एक पुरते. मऊ पडलेल्या क्रॅनबेरी काढून टाका. फ्रोझन असतील तर न वितळवता तशाच घ्या. वाळवलेल्या, साखर लावलेल्या (भारतात बहुतेक त्याच दिसतात) इथे उपयोगाच्या नाहीत.

साखर 200 ग्रॅम, एक कप. डाएटच्या नावाखाली निम्मी करू नका. सॉस धरतो तो फळातलं पेक्टिन, आंबटपणा आणि साखर या तिघांच्या जोरावर; 150 ग्रॅमच्या खाली गेलात तर चव आणि घट्टपणा दोन्ही जातं. गुळाने वाइनची चव मरते. एका संत्र्याची साल सोलाण्याने वरवर काढलेली, पांढरा भाग नको, तो कडू. त्याच संत्र्याचा पाव कप रस. दालचिनीची एक कांडी, लवंगा दोनच, त्याही अख्ख्या. मसाल्याची पुरचुंडी बांधा, नाहीतर लवंग पाहुण्याच्या दाताखाली जाते. चिमूटभर मीठ.

पातेलं स्टीलचं किंवा एनॅमलचं, रुंद तोंडाचं, उंच काठाचं. ॲल्युमिनियम आणि लोखंड नको. आंबटाने धातूची चव उतरते. आता त्या पातेल्यात 180 मिली पाणी ओता, लाकडी चमचा उभा धरा, पाणी जिथवर येतं तिथे दांडीवर पेन्सिलीने खूण करा, पाणी फेकून द्या. आटलेली वाइन डोळ्यांच्या अंदाजाने मोजता येत नाही, कायम घाई होते.

मग वाइन, पुरचुंडी आणि साल मध्यम आचेवर 12 ते 15 मिनिटं, खुणेपर्यंत. झाकण नाही. गॅस असेल तर वाइन आच लावायच्या आधी ओता, वाफ पेट घेऊ शकते. क्रॅनबेरी अजून पिशवीतच आहेत ना? असू द्या. फळ दहा मिनिटांत शिजतं, वाइनला त्याहून जास्त वेळ हवा. दोन्ही एकत्र टाकलीत की वेळेवर उतरवलेला सॉस पातळ राहतो आणि कच्च्या दारूचा वास मारतो. आटेपर्यंत थांबलात तर सालींचा चोथा होतो आणि गार झाल्यावर चिक्कट गोळा. मधला मार्ग नाही. दोन पिशव्यांचा करणार असाल तर पातेलं आणखी रुंद घ्या आणि आटवायला जास्त वेळ धरा, पण आटवा.

खुणेपर्यंत आली? आता साखर, रस, मीठ. साखर विरघळली की क्रॅनबेरी. फुटताना तडतडतात, फेस वर येतो, शेगडी सोडून जाऊ नका. 10 ते 12 मिनिटांत तीनचतुर्थांश फुटल्या की बंद. तेव्हा सॉस पातळच दिसेल, दिसू द्या. शंका आली तर फ्रीझरमधल्या बशीवर थेंब टाकून बोट फिरवा, रेघ राहिली की झालं. (वाइन आटवलेली नसेल तर रेघ राहणार नाही, पुन्हा सांगते.)

मद्य आटवूनही पूर्ण उडत नाही. न पिणारे पाहुणे आणि मुलं यांच्यासाठी दुसरी पिशवी 240 मिली संत्र्याच्या रसात शिजवा. वेगळा बाऊल, वेगळा चमचा, वर चिठ्ठी.

पुरचुंडी काढा, काचेच्या बरणीत भरा, फ्रिज. आठवडाभर टिकतो. घट्ट झाला तर चमचाभर गरम पाणी, पातळ राहिला तर आणखी चार मिनिटं आच. जेवणाआधी अर्धा तास बाहेर काढा.