नॉर्वेजियन शब्दाचं कूळ कसं शोधावं: 'यूल' ते चाक

नॉर्वेजियनमध्ये चाकाला 'यूल' म्हणतात. पण कानावर विसंबू नका, आधी शब्द लिहितात कसा ते बघा. मी बघितलं नाही. नाताळालाही तिथे 'यूल'च म्हणतात, म्हणून 'वर्षाचं फिरतं चाक म्हणजे नाताळ' असा सिद्धान्त रचून मी आठवडाभर मिरवत होतो. चाकाच्या शब्दात सुरुवातीला एक मुका 'ह' लिहितात, नाताळाच्या शब्दात नाही. संपला सिद्धान्त!

मग बोकमोल किंवा नीनोश्क (नॉर्वेजियन लिहिण्याच्या दोन प्रमाण पद्धती) शब्दकोश उघडा. दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. नोंदीत 'नोर्रोन्त' शोधा, म्हणजे जुनी नॉर्स, नॉर्वेजियनची मध्ययुगीन पूर्वज भाषा. चाकाचं तिथलं रूप 'ह्योल'. त्याऐवजी मध्ययुगीन उत्तर जर्मनचा उल्लेख दिसला, तर शब्द बहुधा हान्साच्या (उत्तर जर्मन शहरांच्या मध्ययुगीन व्यापारी संघाच्या) व्यापाऱ्यांच्या काळात आलेला. 'स्नाके', म्हणजे गप्पा मारणं, तसाच.

खरी गंमत याच्या मागे आहे. नॉर्वेजियन आणि संस्कृत एकाच प्राचीन भाषेतून आल्या. त्या मूळ भाषेतल्या 'क'चा जर्मानिक भाषांत (नॉर्वेजियन, जर्मन, इंग्रजी वगैरे) 'ह' झाला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये हा नियम मांडला. म्हणून शब्दारंभी 'ह' दिसला की तिथे 'क' ठेवून बघायचं. चाकाचं त्या मूळ भाषेतलं रूप 'क्वेक्वलोस' असं धरतात (तर्काने बांधलेलं रूप, म्हणून आधी तारा (*) काढतात). संस्कृतात पुढच्या 'ए'मुळे त्या 'क'चा 'च' झाला: चक्र, आणि आपलं चाक.

एकाच जोडीवर मात्र भाळू नका. नियम दुसरीकडेही लावा: 'काय' या अर्थाच्या नॉर्वेजियन 'वा'तही तोच मुका 'ह' लिहितात. तिथे 'क' ठेवा आणि आपल्या 'काय'शी ताडून बघा.